शेवटचा टप्पा

माझ्यासमोर येऊन बसलेली माणसं बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरुवात करतात. "मॅडम, बजेटचं टेन्शन नाही. जगातली एखादी भारी जागा सुचवा." मी नकाशा उघडत नाही. वही उघडते आणि विचारायला लागते. घरात सगळ्यांत उशिरा कोण उठतं? जिना उतरताना कठडा कोणाला धरावा लागतो? बोट कोणाला लागते? बंद लिफ्टमध्ये कोणाला गुदमरतं? रात्रीतून किती वेळा उठावं लागतं?

पहिल्यांदा आलेली माणसं एकमेकांकडे बघतात. आपण समुद्रातल्या व्हिलाची चौकशी करायला आलो आणि ही बाई गुडघ्यांचं काय विचारतेय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. पण त्या व्हिलापर्यंत स्पीडबोटीने पन्नास मिनिटं लागणार असतील, समुद्र खवळलेला असेल आणि बोटीवर बाथरूम नसेल, तर साठी उलटलेल्या मधुमेही माणसाची ती पन्नास मिनिटं कशी जातील, याचा विचार कोणीतरी पुण्यात बसूनच करायला हवा. तिथे पोचल्यावर तो करून काही उपयोग नसतो.

1996 साली मी एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटिंगला लागले. तेव्हा तिकिटाच्या पानांमागे लाल कार्बन असायचा. दिवसभर तिकिटं लिहिली की संध्याकाळी बोटांची टोकं लाल झालेली असायची आणि घरी गेल्यावर दोनदा साबण लावूनही भाकरीच्या पिठाला हात लावायला नको वाटायचं. 2008 च्या जूनपासून आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या संघटनेने, कागदी तिकिटं बंद केली तोवर मी स्वतःचं दोन टेबलांचं ऑफिस थाटलं होतं. आधी ग्रुप टूर केल्या, बसमध्ये चाळीस माणसं आणि सोबत आपला आचारी. मग हळूहळू अशी कुटुंबं यायला लागली ज्यांना चाळीस माणसांत जायचं नव्हतं, ज्यांच्याकडे पैसे होते आणि वेळ फार थोडा होता. गेली पंधरा-सोळा वर्षं माझं काम मुख्यतः त्यांच्यासाठी जागा निवडण्याचं आहे.

हॉटेलचे फोटो, रेट, उशांचे प्रकार सुद्धा ही माणसं माझ्या आधी फोनवर बघून आलेली असतात. त्यांना दिसत नाही तो शेवटचा टप्पा. मोठं विमान तुम्हाला माले, जोहान्सबर्ग, झुरिक असल्या मोठ्या विमानतळावर सोडतं. तिथवरचा प्रवास सगळ्यांचा सारखाच. तिथून पुढचे किलोमीटर छोट्या विमानाचे, होडीचे, डोंगरी रेल्वेचे किंवा पायाखालच्या वाटेचे असतात. या जागा महाग आहेत त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथे धड रस्ता जात नाही. 1960 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या एका शिष्टमंडळाने मालदीवची पाहणी करून ही बेटं पर्यटनाला योग्य नाहीत असं मत दिलं होतं. 1972 साली जॉर्ज कॉर्बिन नावाच्या एका इटालियन माणसाने वीसेक पर्यटक तिथे नेले आणि त्याच वर्षी कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं. त्या शिष्टमंडळाला जी अडचण वाटली, तेच विखुरलेपण पुढे विकलं गेलं. एका बेटावर एकच रिसॉर्ट, चहूकडे पाणी, आणि शेजारी कोणी नाही.

शेवटच्या टप्प्याची ही धास्ती म्हणा, ओढ म्हणा, मला लहानपणापासूनची आहे. माझं आजोळ गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीपलीकडे. आज दाभोळ-धोपावे फेरीबोटीत माणसं गाडीसकट चढतात आणि बघता बघता पलीकडे उतरतात. ती फेरी 2003 साली सुरू झाली. आमच्या वेळी एसटी दाभोळला सोडायची आणि पुढे होडी. ओहोटी असली की होडी काठाला लागत नसे. चपला हातात घेऊन पोटरीएवढ्या चिखलातून तिच्यापर्यंत जावं लागे. म्हणून आई पुण्याहून निघण्याआधी कालनिर्णय बघायची. बाकीच्या बायका तिथी उपासासाठी बघत, आई भरतीसाठी बघे. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या आसपास, अष्टमीला सकाळ-संध्याकाळ, मधल्या तिथ्यांना त्या हिशोबाने पुढेमागे. एसटी किती वाजताची धरायची हे त्यावर ठरे. पुण्याचा स्टँड, घाट, खेड, दापोली हे सगळं तिच्या मनात नंतर यायचं. आधी होडी.

आणि होडीवाला. तो हात पुढे करायचा, आपण आपला हात त्याच्या हातात द्यायचो, आणि तो हात सोडून मनगट धरायचा. ओली बोटं निसटतात, मनगट निसटत नाही. आईला, मला, मामीला आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणींना तो सारखंच धरायचा.

हे सगळं माहीत असूनही 2011 साली माझ्या हातून चूक झाली. पुण्यातल्या एका कुटुंबाला मी फेब्रुवारीत मालदीवला पाठवलं. आजोबांची पंचाहत्तरी होती. घरात त्यांना नाना म्हणतात, आजींना माई. मुलगा, सून, अमेरिकेतली लेक, नातवंडं मिळून नऊ जण. भर समुद्रात ओहोटीला जो वाळूचा पट्टा उघडा पडतो, त्यावर वाढदिवसाच्या रात्री जेवण मांडायचं ठरलं होतं. कंदील, गालिचा, समईसुद्धा. रिसॉर्ट मालेहून सी-प्लेनने पस्तीस मिनिटांवर होतं.

मालदीवची सी-प्लेन फक्त दिवसा उडतात. पायलटला डोळ्यांनी पाणी बघून उतरावं लागतं, म्हणून सूर्यास्ताच्या आत शेवटचं विमान पोचलेलं असावं लागतं. साधारण साडेतीनच्या नंतर मालेत उतरलं तर त्या दिवशी पुढे जाता येईल याची खात्री नसते. सी-प्लेनची नेमकी वेळसुद्धा आदल्या संध्याकाळी कळते. हे मला तोंडपाठ होतं. सकाळी पोचणारं विमान घ्यायचं तर पुण्याहून मध्यरात्री निघावं लागत होतं. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्या वाढदिवसाला रात्री बाराला गाडीत बसवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी कोलंबोमार्गे तीन वाजता पोचणारी फ्लाइट घेतली. अर्ध्या तासाच्या फटीवर मी नऊ माणसांचा दिवस ठेवला. फ्लाइट दीड तास उशिरा पोचली.

ती रात्र त्यांनी मालेतल्या एका हॉटेलात काढली. वाळूच्या पट्ट्यावर मांडलेलं जेवण रिसॉर्टने उचलून ठेवलं. रिसॉर्टमधल्या त्या रात्रीचे पैसे परत मिळाले नाहीत. मिळणार नव्हतेच, करारात तसं लिहिलेलं असतं. मुलाचा फोन आला. तो जे बोलला त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मग त्याच्या हातातून फोन नानांनी घेतला. "अगं, खिडकीतून बंदर दिसतंय. मासळी उतरतेय. मजा आहे." मला त्यावर बोलताच आलं नाही. त्या रात्रीचे पैसे मी माझ्याकडून भरले, पण त्या कुटुंबाच्या अल्बममध्ये पंचाहत्तरीचं पान रिकामं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने ते गेले. परत आल्यावर नाना मला मुद्दाम भेटायला आले, पेढे घेऊन. सी-प्लेनबद्दलच बोलत राहिले. ट्विन ऑटर विमान, पंधरा-सोळा माणसं, कानात बोळे, अनवाणी पायलट. आणि खाली समुद्रात निळ्याच्या पोटात हिरव्या बांगड्या. अटॉल हा शब्द मुळात तिथल्या दिवेही भाषेतला आहे, तिथून तो जगभर गेला. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याला कंकणद्वीप म्हटलंय. नाना म्हणाले, "शाळेत पाठ केला होता तो शब्द. कंकण का म्हणायचं ते काल कळलं. तू आम्हाला रात्री स्पीडबोटीने नेलं असतंस तर हे दिसलं नसतं." त्यांनी मला माफ केलं होतं. मी मात्र त्या दिवसापासून काम करण्याची रीत बदलली.

आता मी आयटिनररी उलटी लिहिते. पानाच्या तळाशी खोलीचं दार. त्याच्या वरच्या ओळीत जेटीपासून खोलीपर्यंतचं अंतर. त्याच्या वर होडी किंवा छोटं विमान, ते किती वाजेपर्यंत सुटतं, वाऱ्यामुळे किंवा धुक्यामुळे न सुटलं तर रात्र कुठे काढायची. हे सगळं बसलं की मग मुंबईहून निघणारं विमान शोधायचं. कधी कधी तळापासून वर येता येता जागाच बाद होते. महिनाही असाच खालून ठरतो. एप्रिलमध्ये मुलांना सुट्टी असते म्हणून लोक मासाई मारा मागतात, आणि नेमका तेव्हा तिथला मोठा पावसाळा असतो, वाटा चिखलात रुततात. मी सरळ नाही म्हणते. त्यातली काही माणसं दुसरीकडून बुकिंग करून जातात. जाऊ देत.

साइट इन्स्पेक्शनला गेले तरी तेच. रिसॉर्टवाले आम्हा एजंट मंडळींना स्पा दाखवतात, वाइनचं तळघर दाखवतात. मी त्यांना ओहोटीच्या वेळी जेटीवर घेऊन चला म्हणते. पायऱ्या मोजते. कितव्या पायरीवर शेवाळ आहे ते बघते. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखलं तर बोट कोण चालवणार आणि डॉक्टर किती मिनिटांवर, हे मॅनेजरला न विचारता बोटीवरच्या माणसाला विचारते. आणि चढताना तो मला कुठे धरतो तेही बघते. बोटांना धरणारे पुष्कळ असतात.

2014 साली नाना आणि माई परत आले. या खेपेला दोघंच. नाना अठ्ठ्याहत्तर, माई त्र्याहत्तर. नाना म्हणाले, "सिंह टीव्हीवर पुष्कळ बघितले. त्याचा वास येतो म्हणतात, तो घ्यायचाय. आणि मोजून चार माणसांच्या मध्ये. जीपांची जत्रा नको."

मनात पहिला केनियाच आला. पण केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, लस घेऊन दहा दिवस झालेले असावे लागतात, आणि प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घ्यायची म्हणजे गंभीर त्रासाची शक्यता वाढते. नानांच्या डॉक्टरांनी मान हलवली. अख्खं पूर्व आफ्रिका तिथेच वहीतून खोडलं. दक्षिणेकडे बोत्स्वानाला ही लस लागत नव्हती. हिवतापाच्या गोळ्या लागत होत्या, त्या चालणार होत्या.

बोत्स्वानातला ओकावांगो हा समुद्राला न मिळणाऱ्या नदीचा त्रिभुज प्रदेश आहे. अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस महिनोन् महिने सरपटत कलाहारीच्या वाळूत येतो, पसरतो, आणि तिथेच उन्हाने आणि झाडांनी संपतो. गंमत अशी, की पाणी पोचतं तेव्हा तिथे कोरडा ऋतू असतो. जून ते ऑगस्ट आभाळात ढग नाही आणि खाली सगळीकडे पाणी. साहजिकच जनावरं पाण्याभोवती गोळा होतात. त्याच वर्षी, 2014 साली, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची हजारावी जागा म्हणून नोंद झाली. तिथल्या सरकारचं धोरणही माझ्या मनासारखं, माणसं थोडी आणि पैसे जास्त. जीपांची जत्रा आपोआप टळते.

कॅम्प निवडताना मी दोन कॅम्पना एकच प्रश्न मेलवर विचारला. ओकावांगोत मकोरो नावाची अरुंद, सपाट होडी असते, पूर्वी एका झाडाच्या खोडातून कोरलेली, आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरची. मागे उभा माणूस लांब काठीने ती रेटतो. मी विचारलं, की अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, डावा गुडघा न वाकणारा माणूस तुम्ही हिच्यात कसा बसवता? एका कॅम्पने सुंदर छापलेलं माहितीपत्रक पाठवलं. दुसऱ्या कॅम्पच्या मॅनेजरबाईंनी चार ओळी लिहिल्या. मकोरो आम्ही अर्धी काठावर ओढून घेतो. त्यांना जमिनीवरच असताना आत बसवतो, पाठीला टेकू देतो, पाय लांब करून देतो. मग दोघं मिळून हळूच पाण्यात ढकलतो. उतरताना याच्या उलट. हा दुसरा कॅम्प पहिल्यापेक्षा साधा होता. तंबूला खासगी पोहण्याचा तलाव नव्हता. मी तोच घेतला आणि नानांना कारणही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं विचारलंस."

राहिलं सामान. मौन गावाहून कॅम्पच्या धावपट्टीवर जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी वीस किलो चालतं, त्यात हातातली पिशवी आणि कॅमेरा धरून. बॅग मऊ हवी, चाकं नकोत, कारण विमानाच्या पोटातल्या कप्प्यात ती दाबून बसवतात. हे फोनवर सांगून भागत नाही. मी दोन कापडी डफल आणि हातात धरायचा वजनकाटा घेऊन त्यांच्या घरी गेले.

दिवाणावर सगळं मांडलेलं होतं. नानांच्या औषधांचा डबा, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे पाडलेला. दोन जाड स्वेटर, कारण जुलैत पहाटेच्या उघड्या जीपमध्ये हाडं गोठतात. माईंच्या तीन साड्या आणि सुनेने आणलेल्या दोन नव्या कोऱ्या पँट्स. दुर्बीण. अंगारा. देवाची छोटी पितळी डबी. आणि एका बाजूला स्टीलचे पाच डबे. मेतकूट, भाजणी, लिंबाचं गोड लोणचं, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडीच्या वड्या. पहिल्यांदा काट्यावर धरलं तेव्हा माईंची बॅग सव्वीस किलो भरली. मी म्हटलं, "माई, कॅम्पला कळवलंय. वरणभात करतील, भाज्या करतील. डबे ठेवूया."

माईंनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे डबे उघडायला सुरुवात केली. डबे जड, जिन्नस हलके, हे त्यांच्या एका क्षणात लक्षात आलं होतं. मेतकूट आणि चटणी त्यांनी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली, दोऱ्याने गाठ मारली, परत दुसऱ्या पिशवीत घातली. लोणचं काढून ठेवलं, तेल सुटेल म्हणून. भाजणीवर हात ठेवून थोडा वेळ थांबल्या आणि तीही काढली. मग एक साडी काढली. मग नानांच्या बॅगेतून त्यांचे दुसरे बूट काढले, त्यांना न विचारता. परत काटा धरला. एकोणीस किलो आठशे. देवाची डबी त्यांनी हातातल्या पर्समध्ये ठेवली आणि पर्सही काट्याला लावून बघितली, मी न सांगता. वीस किलो शंभर. तेव्हा त्यांनी पर्समधली सुटी नाणी काढून देव्हाऱ्याजवळच्या वाटीत टाकली.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मी शेकडो सूटकेसी भरताना बघितल्या आहेत. कोणत्या गोष्टीविना आपलं अडणार नाही, हे इतक्या लवकर कळलेलं माणूस मला क्वचित भेटलं.

तिकडून नानांचा एकच फोन आला, सॅटेलाइट फोनवरून, तुटक. सिंहाचा वास त्यांना आला होता. ओल्या गोणपाटासारखा, म्हणाले. कॅम्पच्या आचाऱ्याने मेतकूट चाखून बघितलं होतं आणि त्यात काय काय आहे ते माईंकडून वहीत लिहून घेतलं होतं.

पैशाने काय मिळत नाही, ते या कामात जितकं दिसतं तितकं दुसऱ्या कुठे दिसेल असं मला वाटत नाही. रवांडात डोंगरी गोरिला बघायचा परवाना 2017 पासून माणशी दीड हजार डॉलर आहे. एका गोरिला कुटुंबाजवळ दिवसाला आठच माणसं, आणि तीही एक तास. पंधरा वर्षांखालच्या मुलाला नेत नाहीत. सकाळी सर्दी-खोकला दिसला तर मोठ्यांनाही थांबवतात, कारण आपला साधा खोकला गोरिलांच्या जिवावर बेतू शकतो. जगात ते सगळे मिळून हजाराच्या थोडे वर उरलेत. 2018 नंतर प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आकडा 1,063 निघाला. एक गृहस्थ तेरा वर्षांच्या मुलासाठी दुप्पट पैसे द्यायला तयार होते. मी त्यांना म्हटलं, दोन वर्षं थांबा, मुलगा तेवढाच मोठा होईल. ते थांबले. पंधरा वर्षांचा झाल्यावर मुलगा स्वतःहून मला फोन करून कधी जायचं ते विचारत होता. अंटार्क्टिकाचंही असंच. किनाऱ्यावर एका वेळी शंभरच माणसं उतरवतात, पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजातून उतरताच येत नाही. बाराशे माणसांच्या आलिशान जहाजाचं बुकिंग करून, उतरता येणार नाही हे तिथे गेल्यावर कळलेली माणसं मला माहीत आहेत. झेरमाटला पेट्रोलची गाडीच चालत नाही. टेश गावात गाडी सोडून बारा मिनिटांची रेल्वे पकडायची, मग कोणी का असेना. मला हे आवडतं.

नातेवाइकांत मला कधी कधी विचारतात, एका रात्रीला एवढे पैसे घेणाऱ्या जागा लोकांना दाखवताना काही वाटत नाही का? वाटतं. माझे वडील शिक्षक होते, त्यांचा पगार मला आठवतो. म्हणून मी जागा निवडताना बघते, की हा पैसा त्या जमिनीवर काही ठेवून जातो की नाही. शांत दरीत तासातासाला हेलिकॉप्टर उतरवणारं हॉटेल मी सुचवत नाही, त्याच्या खोल्या कितीही सुंदर असोत. पाहुण्याचे दोन तास वाचवायला अख्ख्या गावाची दुपार मोडायची, हे मला पटत नाही. त्यापेक्षा भूतानमधलं फोबजिखा बघा. काळ्या मानेचे क्रौंच तिबेटकडून हिवाळ्यात तिथे उतरतात. तारांना अडकून त्यांचे पंख मोडू नयेत म्हणून त्या दरीत विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत.

नाना 2020 साली गेले. 2023 च्या पावसाळ्यात माईंचा फोन आला. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. "थंडी चालेल. पण शांत हवं. नात बरोबर येतेय. आणि या वेळी तूही चल."

वही उघडली. खालून लिहायला घेतलं. फोबजिखा समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2,900 मीटरवर आहे, तिथे थेट नेऊन चालणार नाही. म्हणून पारोहून सावकाश, दोचुलाची खिंड दुपारच्या आत ओलांडून पुनाखाला, जे बरंच खाली आणि उबदार आहे. तिथे तीन रात्री. मग फोबजिखात दोनच. गाडीत ऑक्सिजन सिलिंडर, डॉक्टरांची चिठ्ठी. पारोला विमान फक्त दिवसाउजेडी उतरतं, डोंगरांच्या मधून, पायलटच्या नजरेवर. हवा बिघडली तर त्या दिवशी येतही नाही आणि सुटतही नाही. म्हणून परतीच्या आधी पारोत एक रात्र राखीव, आणि दिल्लीत त्याच दिवशीचं पुढचं विमान नाही. दिल्लीहून जाताना डाव्या हाताची खिडकी, एव्हरेस्टसाठी. एवढं झाल्यावर मुंबई-दिल्ली तिकीट काढलं, पहाटेचं. माईंना सांगितलं, रात्री दोनला उठावं लागेल. "उठेन की," त्या म्हणाल्या.

नोव्हेंबरच्या मध्याला आम्ही फोबजिखात पोचलो. सकाळी गवतावर हिव पडलेलं होतं. क्रौंच दिसायच्या आधी ऐकू येतात, दूरवर तुतारी फुंकल्यासारखे, आणि आवाज दरीत कुठून येतोय ते कळत नाही. गावकरी सांगतात, की येताना आणि जाताना ते गांगतेच्या मठाला तीन प्रदक्षिणा घालतात. माईंनी ते ऐकून मान डोलावली, त्यांना त्यात नवल वाटलं नाही. लॉजच्या गच्चीवरून पक्षी ठिपक्यांएवढे दिसत होते. माईंना जवळून बघायचे होते. गाडीच्या वाटेपासून बघायच्या आडोशापर्यंत तीनशे पावलं होती. ती मी आदल्या संध्याकाळी मोजून आले होते. मध्ये एक ओहोळ, त्यावर दोन फळ्या.

फळ्यांवर हिव साचून त्या पांढऱ्या झाल्या होत्या. आमचा ड्रायव्हर, घो हा भूतानी झगा घातलेला तिशीचा मुलगा, पुढे झाला. आधी त्याने बुटाने हिव खरवडून काढलं, मग स्वतः ओहोळात उतरला आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला, माईंच्या बाजूला. नात मागे. मी अलीकडे, हातात माईंची पर्स. तिच्यात देवाची डबी होती, मला वजनावरून कळलं.

त्याने हात पुढे केला. माईंनी हातमोजा काढला आणि बोटं त्याच्या तळव्यावर टेकवली. त्याने ती सोडली आणि त्यांचं मनगट धरलं.